पाच मिनिटं दोन सेकंद

आमच्या दादांवर एक फिल्म निघाली होती. असं सांगितलं की ऐकणारा आधी हसतो आणि मग विचारतो, काय होतं तिच्यात? पाणी होतं. सुरुवातीला विहिरीचा काठ, काठावरची माणसं, पायरीवर उघड्या अंगानं बसून श्वास घेणारे दादा. नंतर नुसतं पाणी. आणि शेवटी पाण्यातून वर आलेलं दादांचं डोकं. पाण्याचा भाग सगळ्यात लांब होता. मी ती कॅसेट एकदाच पाहिली.

ती काढायचं खूळ माझ्याच डोक्यात शिरलं होतं. त्यामुळं पुढं जे झालं तेही मीच सांगायला हवं. इतकी वर्षं सांगितलं नाही, कारण सांगताना ज्या जागी गळा दाटून यायला पाहिजे त्या जागी माझा गळा कोरडाच राहतो. पुष्कळ वाट पाहिली. आता तसंच सांगून टाकतो.

आमचं गाव परभणीहून झरीकडं जाताना लागतं. दादा माझे सख्खे थोरले भाऊ, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठे. दोघांत मिळून साडेचार एकर जमीन, ती ते बघायचे. मी शिकलो आणि जवळच्याच हायस्कुलात पीटीचा मास्तर झालो. दादांनी शाळेचं तोंड दोन वर्षं पाहिलं तेवढंच. तरी पंचक्रोशीत मला ओळखायचे ते दादांचा भाऊ म्हणून, आणि दादांना ओळखायचे ते त्यांच्या दमामुळं.

विहिरीतल्या मोटारीच्या पाइपाला खाली जाळीची झडप असते. आमच्याकडं तिला फुटबॉल म्हणतात. फुटबॉलात गाळ अडकला की मोटार नुसती घुरघुरते, पाणी देत नाही. मग चार माणसं लावून सगळा पाइप वर ओढायचा, नाहीतर दादांना बोलवायचं. दादा बनियन काढून पायरीवर ठेवायचे, पाच-सात मोठे श्वास घ्यायचे आणि पाइप धरून खाली उतरायचे. तळाशी हातानं चाचपून फुटबॉल साफ करायचे आणि वर यायचे. तेवढ्यात काठावरच्या माणसाची बिडी ओढून व्हायची. पडलेल्या बादल्या, घागरी, एकदा कुणाचं सोन्याचं डोरलं, असं काय काय त्यांनी वर आणलं होतं.

आणि मढी आणली होती. विहिरीत कुणी गेलं, मग ते पडून असो की उडी घेऊन, की माणूस सायकल दामटत आमच्या दारात यायचा. झरीपासून पार राणीसावरगावपर्यंत दादांना बोलावणं यायचं. दादा दोराचं एक टोक हातात घेऊन खाली जायचे, ते मढ्याला बांधायचे आणि मोकळ्या हातानं वर यायचे. मग वरचे लोक ओढायचे. या कामाचे पैसे घ्यायचे नाहीत, नारळ घ्यायचा, तिथंच अंघोळ करायची आणि वाटेत कुणाशी न बोलता घरी यायचं, असा रिवाज होता. तो दोर दादांनी स्वतःच्या कमरेला कधी बांधला नाही. दोर मढ्याला बांधतात, जित्या माणसाला नाही, असं ते म्हणायचे.

लोक दादांना मान द्यायचे, पण जरा लांबून. लग्नाची पत्रिका यायची, जेवायला आग्रह व्हायचा, पण नवरा-नवरीच्या अंगाला हळद लागत असताना दादा समोर दिसले की एखादी म्हातारी पदर तोंडाला लावायची. अक्षता ते मांडवाच्या अगदी मागून टाकायचे. कुणी तसं सांगितलं नव्हतं. त्यांचं त्यांनीच ओळखलं होतं. गरज सरो, वैद्य मरो, म्हणून मी चिडायचो. दादा चिडायचे नाहीत. मला वाटतं त्यामुळंच मी दुप्पट चिडायचो.

हे सगळं चाललं होतं तसंच चाललं असतं. पण दादांची थोरली लग्नाला आली. एकोणीस वर्षांची, सातवीपर्यंत शिकलेली, कामाला वाघीण. तीन स्थळं आली. तिन्ही वेळा पोहे झाले, चहा झाला, पाहुणे हसतमुखानं गेले आणि फाट्यावरच्या हॉटेलात बसले. तिथं कुणीतरी सांगायचंच, की हा मढी काढणारा. तिसऱ्या स्थळाचा नकार आला तेव्हा वैनी चुलीपुढं बसून म्हणाल्या, “दुसऱ्याची लेकरं वर काढता, आता सोताच्या लेकराचं काय करता?” दादा बैलांना पाणी दाखवायला निघून गेले.

मला त्या रात्री झोप लागली नाही असं लिहायला छान वाटेल. लागली. पण सकाळी उठलो तो फिल्मचा विचार घेऊनच.

त्या दिवसांत परभणीत व्हिडिओ शूटिंगचं वेड नुकतं आलं होतं. एस.टी. स्टँडच्या भिंतीवर नामांतराच्या बाजूच्या आणि विरोधातल्या घोषणा एकमेकींवर चुना फासून लिहिलेल्या असायच्या, आणि त्यांच्याच खाली एका फोटोवाल्यानं स्वतःची जाहिरात रंगवून घेतली होती. आमच्या शाळेच्या गॅदरिंगचे फोटो तोच काढायचा. मी त्याच्या दुकानात गेलो आणि म्हणालो, “माझे भाऊ पाच मिनिटं पाण्याखाली राहतात. त्यांच्यावर फिल्म काढता का?”

पाच हा आकडा कुठून आला ते मला आजही सांगता येत नाही. दादांचा दम कुणी कधी मोजलेलाच नव्हता. तीन म्हणालो असतो तर फोटोवाल्यानं मान वर केली नसती, असं वाटलं असावं. पाच ऐकून त्यानं मान वर केली.

“पाच मिनिटं? गुरुजी, हे तर रेकॉर्ड होईल. टीव्हीवाले घेतील,” तो म्हणाला. “लग्नं काढून काढून माझे डोळे गेलेत. फुकट काढतो.”

उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. शूटिंगच्या आधीच त्यानं पेंटरकडून पाटी रंगवून घेतली: वर दादांचं नाव, खाली ‘पाच मिनिटे पाण्याखाली’. ती पाटी फिल्मच्या सुरुवातीला दाखवायची होती. मी ती पाहिली, तिचा रंगही ओला होता, आणि मी काही बोललो नाही. त्या गोष्टीत मी गप्प बसल्याची ती पहिली वेळ.

दादांना मी वेगळं सांगितलं. म्हणालो, लोक तुम्हाला मढ्यापायी ओळखतात, एकदा दमापायी ओळखू द्या. ते बराच वेळ दाढी खाजवत बसले.

“आन पोरीचं?” त्यांनी विचारलं.

“तिच्यासाठीच म्हणायलोय, दादा. पाहुण्यांनी हाटेलात ऐकण्यापेक्षा घरात बसून बघू द्या.”

“मग काढा बाबा,” ते म्हणाले. “नाच तर करायचा न्हाई ना मला?”

शूटिंग दिवाळीनंतर झालं. विहिरींना तेव्हा भरपूर पाणी असतं आणि गाळ बसलेला असतो. आमच्याच वाटणीतली विहीर, दगडानं बांधलेली, अर्ध्यापर्यंत पायऱ्या. सकाळी आठपासून माणसं जमायला लागली. सगळं गाव आलं, वरच्या वाडीतले आले, माझ्या शाळेची पोरं आली. एका म्हाताऱ्यानं सवयीनं नारळ आणला होता. काठावर आल्यावर त्याच्या ध्यानात आलं आणि त्यानं तो धोतराच्या सोग्याखाली लपवला. मी हे पाहिलं, दादांनीही पाहिलं. दादा हसले. इतकी माणसं विहिरीवर जमलीत आणि कुणी रडत नाही, हे ते पहिल्यांदाच बघत असावेत. त्यांनी केसांना तेल लावलं होतं आणि नवं बनियन घातलं होतं, जे काढायचंच होतं.

फोटोवाल्याला भीती वाटली. तो म्हणाला, कमरेला दोर बांधा, काही झालं तर ओढून घेऊ. दादांनी मान हलवली. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, ते बांधणार नाहीत. मग त्यानं निदान मोजणी तरी नीट करा म्हणून मला पुढं उभं केलं. माझ्याकडं शाळेचं स्टॉपवॉच होतं. शंभर मीटरच्या शर्यतीला आम्ही ते वापरायचो. पुतणी माझ्या मागं उभी होती. वैनी आल्या नव्हत्या. दादा पाण्यात असताना त्या विहिरीकडं कधीच यायच्या नाहीत.

दादा शेवटच्या पायरीवर बसले. पाच-सात नाही, वीसेक श्वास घेतले असतील. मग पाइप धरला आणि गेले. मी बटण दाबलं.

पहिलं मिनिट लोक बोलत होते. दुसऱ्या मिनिटाला आपोआप गप्प झाले. आमच्याकडं माणूस आत असताना कुणी हाक मारत नाही. पाण्यावर लिंबाची दोन पानं होती. काही बुडबुडे आले आणि थांबले. तिसरं मिनिट झालं. मी घड्याळाकडं बघत होतो, कारण पाण्याकडं बघवत नव्हतं. साडेतीन झाले तेव्हा मी मनात म्हणालो, दादा, राहू द्या, या वर. हे मला नक्की आठवतं. म्हणजे तोपर्यंत मला वाटत होतं, जे वाटायला पाहिजे ते.

डोकं वर आलं. लोकांनी आरोळी ठोकली. मी बटण दाबलं. काटा चार मिनिटं नऊ सेकंदांवर होता.

कॅमेरा माझ्याकडं वळला. फोटोवाला ओरडला, “किती, गुरुजी?”

“पाच मिनिटं दोन सेकंद,” मी म्हणालो.

दोन सेकंद मी खरं वाटावं म्हणून घातले होते. नुसते पाच सांगितले असते तर कुणाला शंका आली असती. इतकं सगळं एका क्षणात माझ्या डोक्यानं केलं. मग मी अंगठ्यानं बटण दाबून काटा शून्यावर नेला. दादा पायरीला धरून धापा टाकत होते, ओठ निळे पडले होते, डोळे लाल. त्यांनी माझ्याकडं पाहून विचारलं, “पाच?”

“पाच,” मी म्हणालो.

त्यांनी मान पाण्याकडं वळवली आणि खूप वेळ तशीच ठेवली. पोरांनी त्यांना खांद्यावर घेतलं.

पुढचे दोन महिने आमच्या घराला बरे गेले. दादांना पाराच्या कट्ट्यावर बसवून लोक चहा पाजायचे. एका लग्नात तर वरबापानं त्यांना हाताला धरून पुढच्या सतरंजीवर बसवलं. ते बसले, पण सारखे मागं वळून बघत होते. कुणी विचारलं तर म्हणायचे, “गुरुजीनं मोजलंय. मला पाण्यात काय कळतंय?” माझ्या मोजण्यावर त्यांचा जो विश्वास होता तो मी तेव्हा बघितला नाही. मी खूश होतो.

टीव्हीवाल्यांकडून फोटोवाल्याला उत्तर आलं नाही. पण चुडाव्याहून निरोप आला, की रविवारी मुलगी बघायला येतो. मुलाचे वडील चुडाव्याच्या स्टेशनावर सांधेवाले होते, गाड्यांसाठी रुळांचे सांधे बदलायचं काम. मुलगा शेती बघायचा. घर चांगलं, माणसं शांत, अशी बातमी होती. मी मनात म्हणालो, बघा, फिल्मनं काम केलं. फोटोवाल्याला सांगून त्या रविवारी दुपारी रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर जीपमधून मागवून घेतला. फाट्यावरच्या हॉटेलाच्या आधी पाहुण्यांनी घरीच सगळं बघायचं, असा माझा बेत होता.

पाहुणे तिघं आले: सांधेवाले, त्यांची बायको आणि मुलगा. सांधेवाले बारीक अंगाचे, कमी बोलणारे. हातात एचएमटीसारखं जुनं घड्याळ होतं, पट्टा झिजलेला. मुलगी बघून झाली. तिनं नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं, पाया पडली. सांधेवाल्यांच्या बायकोनं तिला जवळ बसवून घेतलं आणि हात सोडलाच नाही. वैनींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी तिथं थांबायला हवं होतं. सगळं जमलेलंच होतं. पण मी म्हणालो, “आमच्या दादांची फिल्म बघून जा.”

“फिल्म?” सांधेवाले म्हणाले. त्यांना खरंच माहीत नव्हतं. ते मला तेव्हा खटकायला पाहिजे होतं.

खिडकीवर गोधडी टाकून अंधार केला. फोटोवाल्यानं कॅसेट लावली. आधी ती पाटी आली, पाठीमागं सनई. त्याच्याकडं दुसरं संगीत नव्हतं. मग काठ, माणसं, दादा. दादांना स्वतःला टीव्हीत बघून लाज वाटली, ते दाराकडं सरकून बसले. मग दादा पाण्यात गेले आणि सनई थांबली. त्या अंधारात मी पाहिलं, सांधेवाल्यांनी डावं मनगट टीव्हीच्या उजेडाकडं नेलं होतं.

सिनेमात माणूस एका पावलात तरुणाचा म्हातारा होतो. फिल्मला घड्याळ लावून बघायचं असतं हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. फोटोवाल्यानं पुरावा म्हणून पाणी न तोडता ठेवलं होतं आणि मी त्याला शाबासकी दिली होती.

दादांचं डोकं वर आलं. टीव्हीतला मी म्हणालो, पाच मिनिटं दोन सेकंद. माझा आवाज मला ओळखू आला नाही.

गोधडी काढली. सांधेवाले म्हणाले, “गुरुजी, ह्ये पाण्याचं मधी कुटं तोडलंय का?”

“एक सेकंदसुद्धा नाही,” फोटोवाला ऐटीत म्हणाला. “सलग आहे.”

“मग चार मिनिटं नऊ सेकंद होयलेत.” त्यांच्या आवाजात आरोप नव्हता. गाडी इतकी उशिरा आहे, असं सांगावं तसं ते म्हणाले. “माझं घड्याळ दररोज स्टेशनाच्या घड्याळाशी मिळवलेलं असतंय. म्हणून म्हणलं.”

फोटोवाल्याचा चेहरा उतरला. “कॅसेट कधी कधी जोरात पळते,” तो म्हणाला.

“तसं असतं तर माणसं बी पळाली असती की.”

दादांनी माझ्याकडं पाहिलं. आधी त्यांना वाटलं असावं, मी काहीतरी समजावून सांगेन. मी मोजणारा, मी शिकलेला. मग माझा चेहरा बघून त्यांना कळलं. कळल्याचं मला दिसलं. मी टीव्हीकडं बघायला लागलो, तिथं आता नुसत्या मुंग्या होत्या. माझ्या तोंडातून एक शब्द निघायला हवा होता. काय बोलायचं ते मला माहीत होतं, सगळं वाक्य तयार होतं. हात-पाय जागच्या जागी होते आणि आत काहीच नव्हतं. भीती नाही, लाज नाही. पाय बधीर झाल्यावर त्याला हात लावला तर तो दुसऱ्याचा वाटतो, तसा मी मला वाटलो.

दादा म्हणाले, “कॅसेट बराबर हाय. पाच सांग म्हणून मीच म्हणलो होतो गुरुजीला. पोरीचं कुटं तरी जमावं म्हणून.”

सांधेवाले बराच वेळ आपल्या घड्याळाच्या पट्ट्याशी चाळा करत बसले. मग म्हणाले, “तुमी मला वळखलं न्हाई. मी बी सांगितलं न्हाई.” आणि मग त्यांनी सांगितलं.

त्यांची धाकटी बहीण लग्नानंतर दोन वर्षांत विहिरीत गेली होती. गंगाखेडकडच्या एका खेड्यात. दादांना तिथं बोलावलं होतं, दादांनीच तिला वर आणलं. सासरचे म्हणाले, घागर भरताना पाय घसरला. जमादारानं तेच लिहून घेतलं, गावानं माना हलवल्या. दादा अंगावरचं पाणी निथळत उभे होते. ते म्हणाले, घागर काठावर हाय आन कोरडी हाय.

“कुणी इचारलं न्हवतं तुमाला,” सांधेवाले म्हणाले. “म्होरं काई झालं बी न्हाई. पर माझ्या मायला तेवढं ऐकायला मिळालं. मरस्तोवर म्हणायची, तितं एक माणूस खरं बोलला. मी तवाच ठरवलं होतं, पोरगा मोठा झाला की ह्या माणसाच्या घरी जायाचं. मढी काढता म्हणून तर आलो, दादा. फिल्मचं आमाला आज कळालं.”

त्यांच्या बायकोनं पुतणीचा हात हळूच सोडला. तिच्या पायाशी एक कापडी पिशवी होती. ती उचलताना तिच्यातून साडीचा हिरवा काठ दिसला. साडी घेऊन आले होते. सुपारी फोडायच्या तयारीनंच आले होते.

“मलाच काई सुचंना गेलंय,” सांधेवाले दादांना हात जोडून म्हणाले. “कळवतो.”

कळवतो म्हणजे काय हे आमच्याकडं लहान पोराला कळतं. फोटोवाल्यानं टीव्ही जीपमध्ये चढवला आणि निघून गेला. वैनी आत गेल्या. पुतणी दाराच्या आडून सगळं ऐकत होती. ती बाहेर आली आणि मला म्हणाली, “काका, तुमी कामून बोलला न्हाई?”

“शाळेची वेळ झाली,” मी म्हणालो. रविवार होता, आणि ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

संध्याकाळी दादा ओट्यावर बैलाची वेसण वळत बसले होते. मी जाऊन शेजारी बसलो. वाटलं, आता शिव्या देतील, निदान देतील तरी. त्यांनी विचारलं, “त्यांचं घड्याळ बराबर होतं का?”

“हो. चार नऊ. माझ्या घड्याळावर बी तेवढंच होतं.”

“चार?” त्यांचे हात थांबले. “खरंच चार होते?”

“चार आन वर नऊ सेकंद.”

“मला वाटलं होतं लय झालं तर अडीच,” ते म्हणाले. “पाच म्हणलास तवा मला वाटलं, माझंच डोकं फिरलंय पाण्यात.” थोड्या वेळानं ते स्वतःशीच म्हणाले, “चार काय कमी हाय का?” आणि त्यांच्या चेहऱ्यावर, खरं सांगतो, आनंद होता. त्या काठावर चार नऊ म्हणालो असतो तर तो आनंद मी त्यांना तेव्हाच देऊ शकलो असतो, सगळ्या गावासमोर. हे मला लख्ख समजलं. वाटलं मात्र काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत रजेची चिठ्ठी पाठवली आणि सायकल काढली. परभणीपर्यंत सायकल, तिथून गाडीनं चुडावा. दादा गोठ्यातून बाहेर आले.

“कुटं निघालास?”

“चुडाव्याला. त्यांना सांगून येतो.”

“काय सांगशील?”

“पाच मी म्हणालो म्हणून. तुमाला माहीतच न्हवतं म्हणून.”

दादांनी सायकलच्या हँडलवर हात ठेवला. त्यांच्या हाताला शेणाचा वास येत होता.

“आन मग मी त्यांच्या म्होरं बसून काय बोललो?” ते म्हणाले. “मीच सांग म्हणलो होतो, आसं बोललो ना? मग ते बी खोटंच झालं की. त्या माणसाच्या मायनं मरस्तोवर माझं नाव घेतलं. एक खोटं त्याला कळालंय, तेवढंच ऱ्हाऊ दे. दुसरं नको सांगू जाऊन.”

मी सायकल भिंतीला लावली. दादा परत गोठ्यात गेले. रजा टाकलेलीच होती, म्हणून मी दिवसभर घरी बसून राहिलो.